आधी मश्क, मग चित्र

तेलरंगांची पेटी बऱ्याच घरांत सापडते. मुलगी इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत चांगल्या श्रेणीने पास झाली म्हणून अब्बांनी आणून दिलेली असते, नाहीतर लग्नाआधी चित्रे काढणाऱ्या आईने पुन्हा हौसेने घेतलेली असते. पहिला कॅनव्हास मोठ्या उमेदीने सुरू होतो. समोर मोबाइलवर एखादा सूर्यास्त ठेवलेला असतो. अर्ध्या तासात आभाळ आणि पाणी एकमेकांत मिसळून मातकट होतात, झाडाच्या फांद्या दोरखंडासारख्या दिसू लागतात. मग पेटी कपाटावर जाते आणि घरात एक वाक्य कायमचे मुक्कामाला येते : “आपल्या हातात कलाच नाही.”

शिक्षक म्हणून हे वाक्य मला फार खटकते. पहिलीच्या मुलाला आपण अलिफ-बे गिरवल्याशिवाय पत्र लिहायला बसवत नाही. पोळी गोल व्हायला किती दिवस लागतात, हे घरातल्या प्रत्येक मुलीला माहीत असते. मग तेलरंगातच पहिल्या दिवशी चित्र जमले पाहिजे, ही अपेक्षा का?

तख्तीने शिकवलेले

आपल्या आजोबांच्या पिढीतील उर्दू शाळांत लाकडी तख्ती असे. तिला मुलतानी मातीचा लेप द्यायचा, वाळवायची आणि बोरूने अक्षरे गिरवायची. संध्याकाळी तख्ती धुतली जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अक्षरे. लिहिलेले जपून ठेवायचे नाही, हे ठरलेलेच असल्याने बिघडण्याची भीती नव्हती. हात मात्र रोज थोडा थोडा बसत होता.

खुशनवीसीत यालाच मश्क म्हणतात. बोरूच्या टोकाने उमटलेला नुक्ता हे माप धरून अक्षराची उंची आणि लांबी ठरते, आणि ते माप हातात मुरेपर्यंत उस्ताद पुढचा धडा देत नाहीत. इराणमधील खुशनवीस एकाच कागदावर इतक्यांदा गिरवत, की कागद काळा होऊन जाई. पुढे या सियाह मश्कलाच कलाकृतीचा मान मिळाला.

अक्षराची मश्क आणि रंगाची मश्क यांत फार अंतर नाही. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) यांच्या घराण्यात कुरआनच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा होती, असे सांगितले जाते. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, त्यांना छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला. रंकाळा, कोटितीर्थ हे कोल्हापूरचेच परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. विषय तोच, पाणी तेच. बदलत होता तो प्रकाश, आणि मुरत होता तो हात.

सामान थोडेच घ्या

मश्कसाठी बारा रंगांची गरज नाही. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि टायटॅनियम व्हाइट हा पांढरा, अशा दोन नळ्या पुरेत. रंग दोनच असले की रंगसंगतीची काळजी मिटते आणि सगळे लक्ष फटकाऱ्यावर राहते. ब्रश तीन घ्या : एक चपटा रुंद, एक गोलाई असलेल्या टोकाचा चपटा (दुकानात त्याला फिल्बर्ट म्हणतात) आणि एक बारीक गोल.

ब्रश घेताना दांड्यावरील अक्षरे वाचा. तेलरंगासाठी मिळणारे ताठ केसांचे ब्रश बहुधा ‘हॉग’ या नावाने विकले जातात. ते डुकराच्या केसांचे असतात. आपल्या घरांत ते नको असतील, तर दुकानदाराकडे सिंथेटिक किंवा नायलॉन ब्रश मागा. तेलरंगासाठी बनवलेले ताठ सिंथेटिक ब्रश चांगले काम देतात आणि धुवायलाही सोपे असतात.

महागडा कॅनव्हास तर सुरुवातीला घेऊच नका. त्याची किंमतच हाताला घाबरवते. जाड पुठ्ठ्यावर अ‍ॅक्रिलिक जेसोचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. जेसो न लावता रंगवले तर पुठ्ठा तेल शोषून घेतो, रंग निस्तेज होतो आणि काही वर्षांनी पुठ्ठाही ठिसूळ होतो.

पाच मश्का

रोज वीस मिनिटे द्या आणि एका मश्कला एक आठवडा.

पहिली मश्क समांतर फटकाऱ्यांची. चपट्या ब्रशला रंग सारखा लावा आणि डावीकडून उजवीकडे दहा फटकारे ओढा. मग उभे, मग तिरपे. ब्रश पेन्सिलीसारखा टोकाजवळ धरू नका. दांडा मागे धरा आणि हात मनगटाऐवजी खांद्यातून हलवा. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत उमेदीच्या काळात सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवले होते. तेवढा मोठा चेहरा मनगटाने रंगवता येत नाही, त्याला सगळा हातच फिरवावा लागतो. या मश्कचा एकच नियम आहे : ओढलेल्या फटकाऱ्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. वाकडा आला तर वाकडा राहू द्या, पुढचा ओढा.

दुसरी मश्क दाबाची. फिल्बर्ट ब्रश हलकेच टेकवा, ओढताना दाब वाढवा, शेवटी पुन्हा उचला. बारीक, जाड, बारीक अशी रेघ उमटेल. ज्यांनी बोरूने ‘बे’ किंवा ‘नून’ लिहिले आहे, त्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. एका दाबात आंब्याचे पान उमटले, की ही मश्क जमली असे समजा.

तिसरी मश्क छटांची. पाच चौकोन आखा. पहिल्यात शुद्ध तपकिरी, पाचव्यात पांढरा, मधल्या तिघांत क्रमाने उजळत जाणाऱ्या छटा. दोन चौकोनांमधले अंतर सारखे वाटले पाहिजे. डोळे किलकिले करून पाहिले की फरक चटकन कळतो. ही मश्क कंटाळवाणी वाटते. पण चित्रातील वस्तू गोल, भरीव दिसते ती याच छटांमुळे.

चौथी मश्क कडांची. एक गडद आणि एक उजळ पट्टा शेजारी शेजारी लावा. पहिल्या जोडीत कड चाकूने कापल्यासारखी ठेवा. दुसऱ्या जोडीत ओल्या कडेवरून कोरडा, स्वच्छ ब्रश एकदाच हलका फिरवा. कड मऊ होईल. तिसऱ्या जोडीत ती इतकी विरघळवा की कोठे संपली ते कळू नये. तेलरंग सावकाश वाळतो, म्हणून हे सावकाशीने करता येते. त्यातील जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजन घेत ते हळूहळू घट्ट होते आणि त्याला काही दिवस लागतात. हीच सवड नवशिक्याला नडतेही, कारण ओल्या रंगावर रंग घासत राहिले की चिखल होतो. त्यावर उपाय साधा आहे. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याला पुसा, आणि ओल्यावर नवा रंग ठेवताना तो जरा जाड घेऊन हलक्या हाताने ठेवा.

पाचवी मश्क मोजक्या फटकाऱ्यांची. खिडकीजवळ एक चिकू ठेवा. प्रकाश एकाच बाजूने येऊ द्या. आता तो फक्त वीस फटकाऱ्यांत रंगवायचा, मोठ्याने मोजत. मोजणी सुरू झाली की प्रत्येक फटकाऱ्याआधी विचार करावा लागतो : छटा कोणती, दिशा कोणती, कड कशी? पहिला चिकू बटाट्यासारखा दिसेल. दिसू द्या. त्याच पुठ्ठ्यावर दुसरा काढा, तिसरा काढा.

घर सांभाळून

टर्पेन्टाइन घरात वापरायचे तर खिडकी उघडी हवी, आणि गॅसच्या शेगडीपासून ते दूर हवे. त्याचा वास सोसत नसेल, तर ब्रश आधी स्वयंपाकाच्या तेलात घोळवून पुसा आणि मग साबणाने धुवा. हे तेल ब्रश साफ करण्यापुरतेच. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल रंगात मिसळू नका, ते जवसाच्या तेलासारखे वाळत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या, तर आतल्या आत तापून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाणी घातलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. आणि कणीक मळण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा. काही रंगांत पोटात जाऊ नयेत अशी द्रव्ये असतात.

महिन्यानंतर

प्रत्येक पुठ्ठ्यामागे तारीख लिहा. पाच आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा. फरक सांगायला कोणी परीक्षक लागणार नाही.

मुलांबरोबर बसून हे केले तर आणखी चांगले. आई दहा फटकाऱ्यांतले सात वाकडे ओढते आणि तरी अकरावा ओढते, हे मुलाने पाहिले, तर गणिताच्या वहीवरील लाल रेघेचीही त्याला तितकी धास्ती वाटणार नाही. आमच्या शाळांत हुशार मुले कमी नाहीत; चुकले तर काय, या भीतीने हात आखडणारी मात्र खूप आहेत. मुली तर दहावीनंतर रंग हातात घेणेच सोडतात, आणि घरात कोणी कारण विचारत नाही.

कपाटावरची पेटी खाली काढा. नळ्यांची टोपणे घट्ट बसली असतील, तर ती थोडा वेळ गरम पाण्यात धरा, सुटतील. कॅनव्हास तूर्त भिंतीला टेकवून ठेवा. त्याचीही पाळी येईल, आणि तेव्हा पहिला फटकारा ओढणाऱ्या हाताने त्याआधी शेकडो फटकारे ओढलेले असतील.