कासवाच्या पिल्लाला काय खायला द्यायचं?

बालमित्रांनो, २०२४ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. आमची सकाळची शाळा होती. प्रार्थना संपली, हजेरी झाली आणि तिसरीतला एक मुलगा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. शर्ट मातीनं माखलेला, हातात पत्र्याचा डबा.

"का रे, आज उशीर?"

"सर, हे घावलंय. आमच्या शेतात, गाळात."

डब्यात डोकावून पाहिलं, तर कासवाचं पिल्लू! माझ्या तळहातापेक्षाही लहान. हिरवट-तपकिरी पाठ, तिच्यावर वाळलेला चिखल. मान आणि पाय आत ओढून गप्प बसलेलं.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात पाझर तलाव, साठवण तलाव कसे कोरडे पडतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. तळाचा काळा गाळ शेतकरी ट्रॉलीत भरून शेतात नेऊन टाकतात. २०१७ साली राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली ती याचसाठी. २०२३ चा पाऊस कमी झालेला, त्यामुळे आमच्या गावचा तलावही आटला होता. त्या गाळाच्या ट्रॉलीतून हे पाहुणे थेट तुरीच्या रानात येऊन पडले होते!

झालं! सगळा वर्ग डब्याभोवती गोळा झाला.

"सर, त्याला दूध पाजू या!"

"माझ्या डब्यात भाकरी हाय, चुरून देऊ का?"

"बिस्किट द्या, बिस्किट!"

"येड्या, ते गवत खातंय. मी टीव्हीवर बघितलंय."

डबा आणणारा मात्र गंभीरपणे म्हणाला, "सर, मी याला पाळणार हाय. काय खायला घालू, तेवढं सांगा."

प्रश्न अगदी रास्त होता. पण त्याचं उत्तर द्यायच्या आधी मला माझी स्वतःची एक चूक आठवली. ती तुम्हालाही सांगतो.

मी सहावीत होतो. ओढ्यात मला असंच एक पिल्लू सापडलं. घरामागच्या सावलीतल्या सिमेंटच्या हौदात मी ते ठेवलं. रोज दूध-भाकरी, भात, कधी शेंगदाणे. त्यानं कशालाच तोंड लावलं नाही. हौदाचं पाणी नासलं, वास मारू लागला. पिल्लाचे डोळे सुजले. नवव्या दिवशी ते पाण्यावर तरंगताना दिसलं. मी त्याला जीव लावला होता, पण त्याच्याविषयी मला काहीही माहीत नव्हतं. तेव्हा कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर ते पिल्लू जगलं असतं. म्हणून आज त्या चार गोष्टी मी तुम्हाला सांगणार आहे.

आधी ओळख, मग जेवण

सगळी कासवं एकसारखी नसतात. काही जमिनीवर राहतात, काही गोड्या पाण्यात, काही समुद्रात. गाय आणि मांजर यांना एकच चारा घालून चालेल का? तसंच हे.

जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीसारखे जाड खांब असतात आणि पाठ घुमटासारखी उंच असते. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं 'स्टार कासव' तुम्ही चित्रात पाहिलं असेल. ते गवत, पाला, पडलेली फळं-फुलं खातं. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये बदकासारखे पडदे असतात आणि पाठ चपटी असते.

आमच्या डब्यातलं कासव पाण्यातलं होतं. त्याचं नाक नळीसारखं पुढे आलेलं. पाठीवर टणक खवले नव्हते, तर गुळगुळीत कातडी होती. मी त्याला हळूच उचलून खालची बाजू मुलांना दाखवली. मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा! पाय आत घेतले की दार लावावं तशा त्या झडपा बंद होतात. म्हणूनच इंग्रजीत याला 'फ्लॅपशेल' म्हणतात. फ्लॅप म्हणजे झडप. मराठवाड्यातल्या विहिरी, तलाव, ओढे हे याचं घर. 'विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं,' असं जुनी माणसं म्हणतात, ते याच्याच जातभाईंविषयी. पाण्यात मेलेले किडे-बेडूकही ते खाऊन टाकतं ना!

ना आईचं दूध, ना आईची नजर

आपल्या संतांनी देवाच्या मायेला कासवीच्या नजरेची उपमा दिली आहे. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या प्रेमळ नजरेनं वाढवते, अशी ती कल्पना. कल्पना सुंदर आहे. पण प्रत्यक्षात कासवी काय करते? काठावरच्या ओलसर मातीत खड्डा करते, गोल पांढरी अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा आई जवळपासही नसते.

मग त्यांना खायला कोण घालतं? कुणीच नाही! अंड्यातल्या बलकाचा थोडा साठा पिल्लाच्या पोटात शिल्लक असतो. पहिले काही दिवस तीच त्याची शिदोरी. तोवर ते स्वतःच पाणी शोधतं आणि शिकार शिकतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून समुद्री कासवांची अंडी जपतात. तिथेही पिल्लं उचलून समुद्रात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात आणि ती आपल्या पायांनी पाण्यात जातात.

म्हणजे कासवाचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून आपलं आपण जगू शकतं. त्याला भरवणारा हात लागत नाही, त्याला त्याची जागा लागते.

तलावातलं ताट

फ्लॅपशेल कासव तलावात काय खातं? गोगलगायी, बेडकांची पिल्लं, छोटे मासे, झिंगे, पाण्यातले किडे, मेलेले जीव आणि थोड्या पाणवनस्पतीही. या ताटात दूध कुठे आहे का? कासव हा सरपटणारा प्राणी आहे. त्याची कुठलीच पिढी कधी दूध प्यायलेली नाही. दूध पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही.

भात, भाकरी, बिस्किटानं पोट भरेल, पण कवच वाढणार नाही. कवच म्हणजे काही कासवानं पाठीवर घेतलेलं घर नव्हे बरं का! ते त्याचं हाडच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यालाच जोडलेल्या असतात. त्यामुळे कासव कवचातून कधीच बाहेर येऊ शकत नाही. या हाडासाठी कॅल्शियम लागतं. तलावात ते गोगलगायीच्या शंखातून, माशाच्या काट्यांतून मिळतं. आणि ते अंगी लागायला ऊन लागतं. उन्हानं त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होतं. ऊन नाही, कॅल्शियम नाही, तर पिल्लाचं कवच मऊ पडतं, वेडंवाकडं होतं.

उन्हाचं आणखी एक काम आहे. आपलं अंग आतून गरम राहतं, कासवाचं तसं नाही. त्याला बाहेरची ऊब लागते, तेव्हाच खाल्लेलं पचतं. माझ्या सावलीतल्या गार हौदात ते पिल्लू का जेवलं नाही, हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

दुष्काळातला झोपाळू

"पण सर, तलावात पाणीच नाही. मग हे मरंल की!" मुलांची ही शंका खरी होती.

मित्रांनो, आपण मराठवाड्याचे लोक दुष्काळाला तोंड देतो, तसं हे कासवही देतं. पाणी आटू लागलं की ते चिखलात खोल शिरतं आणि निपचित पडून राहतं. शरीराचं काम अगदी मंद होतं. खाणं बंद, हालचाल बंद. पावसाळा येईपर्यंत कित्येक महिने ते असं काढू शकतं. आपल्याला वाटतं, बिचारं उपाशी आहे! खरं तर ते आपल्या बिछान्यात झोपलेलं असतं. आमचं पिल्लू भुकेलेलं नव्हतं. त्याची झोपमोड झाली होती, एवढंच.

म्हणून घरच्या मोठ्या माणसांना जरूर सांगा: गाळ भरताना आणि पसरताना जरा नजर टाका. ढेकूळ समजून फेकाल, ते कासव असेल.

वीस नखांची थाप

एवढ्यात पाचवीतला एक जण हळूच म्हणाला, "सर, वीस नखांचं कासव असलं की पैशाचा पाऊस पडतो म्हणं."

मी म्हटलं, "चला, मोजू या!" प्रत्येक पायाला तीन नखं. तीन चोक बारा! या जातीला इतकीच दिसतात. दुसऱ्या बऱ्याच कासवांना पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा असतात. एखाद्याला वीस असली, तरी नखातून नोटा कशा पडतील? पण या थापेपायी कितीतरी कासवं पकडली जातात, विकली जातात आणि मरतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. असं कुणी बोललं तर तुम्हीही त्याला नखांचा हिशेब विचारा.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार फ्लॅपशेल कासव आणि स्टार कासव पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. दोन्ही जाती आता कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत! हे ऐकून डबा आणणाऱ्याचा चेहरा उतरला. मी त्याला जवळ घेतलं. "अरे, तू चोरी नाही केलीस. उन्हात मेलं असतं, ते तू वाचवलंस. आता ते ज्याचं त्याला परत करायचं."

तुम्हाला असं पिल्लू सापडलं तर काय कराल?

• ते स्वतःहून चालत असेल तर त्याला हात लावू नका. रस्त्यावर असेल, तर मोठ्या माणसाच्या मदतीनं, ज्या दिशेला ते निघालं होतं त्याच बाजूला सोडा.

• उचलावंच लागलं तर मागच्या बाजूनं दोन्ही कडांना धरा. फ्लॅपशेलची मान लांब असते आणि तो चावतो!

• भोकं पाडलेल्या खोक्यात किंवा घमेल्यात ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवा. खोल पाण्यात टाकू नका. काही खायला देऊ नका.

• महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर मोठ्यांना फोन करायला सांगा.

• हात साबणानं स्वच्छ धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते पोटात गेले तर जुलाब, ताप येतो.

घरात लाल कानाचं कासव असेल तर?

तुमच्यापैकी कुणाकडे शहरातल्या दुकानातून आणलेलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं हिरवंगार पिल्लू असेल. डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर ते 'रेड इअर्ड स्लायडर'. त्याचं मूळ घर अमेरिकेत. ते जेवणाच्या ताटाएवढं वाढू शकतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. नवीन आणायचा हट्ट करू नका. पण घरात आहेच, तर त्याची नीट काळजी घ्या.

त्याला पोहता येईल एवढं पाणी आणि पाण्याबाहेर चढून बसायला एक वीट किंवा सपाट दगड द्या. रोज सकाळचं कोवळं ऊन दाखवा, पण अर्धी जागा सावलीत राहू द्या. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण हवे ते किरण काच अडवते. पिल्लाला रोज, साधारण त्याच्या डोक्याएवढं खाणं पुरे. मोठ्याला एक दिवसाआड. कासवासाठी मिळणाऱ्या गोळ्या, गांडूळ, काट्यासकट बारीक मासळी, पाणवनस्पती, हिरवा पाला असं आलटून पालटून द्या. लहानपणी मांसाहार जास्त, मोठेपणी पाला जास्त. खाणं पाण्यातच टाका, कारण पाण्याशिवाय त्याला घास गिळता येत नाही. उरलेलं लगेच काढा, पाणी वरचेवर बदला. डोळे सुजले किंवा कवच मऊ लागलं, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि एक शपथ घ्या: कंटाळा आला म्हणून ते तलावात किंवा विहिरीत सोडायचं नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं. सांभाळणं शक्यच नसेल, तर वनविभागाला विचारा.

परत घरी

दुपारी वनरक्षक आले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर तलावावर गेलो. मधोमध थोडं पाणी आणि ओला चिखल शिल्लक होता. वनरक्षकांनी पिल्लू काठाला ठेवलं. दोन मिनिटं ते हललं नाही. मग हळूच नळीसारखं नाक बाहेर आलं, मान लांब झाली. अंग या बाजूला, त्या बाजूला हलवत ते चिखलात शिरलं आणि बघता बघता दिसेनासं झालं.

डबा आणणारा मुलगा रिकामा डबा घेऊन उभा होता. डोळे पुसत म्हणाला, "सर, त्याला भूक लागली तर?"

"पाऊस येऊ दे. मग बघ."

जुलैत तलावात पाणी आलं. एका सकाळी तो धावतच वर्गात आला. या वेळी हातात डबा नव्हता. "सर, नाक दिसलं! पाण्याच्या वर नुसतं नाक! श्वास घेतला आणि बुडी मारली!"

ते आमचंच पिल्लू होतं की दुसरं, कोण जाणे. पण आता आमचे सगळे विद्यार्थी काठावर गप्प बसून नाकं मोजायला शिकले आहेत. तुमच्याही गावात तलाव असेल, बारव असेल. एखाद्या सकाळी मोठ्यांना बरोबर घ्या, दहा मिनिटं शांत बसा आणि पाण्याकडे बघा. किती नाकं दिसली, ते आम्हाला जरूर कळवा!