आधी स्पूल, मग मशीन: जुना टेप डेक घेताना आणि सांभाळताना

टेबलावर हे जे धूड ठेवलंय ते इथपर्यंत आणायला दोन माणसं लागली, आणि त्यातला एक मी असल्यामुळे जरा दम खात बोलतो. (हशा) आपल्याकडे याला ‘स्पूलचा टेप’ म्हणत. कॅसेट घरोघरी पोचायच्या आधी आवाज धरून ठेवायचा तर हाच मार्ग होता, आणि तोही फार थोड्या घरांना परवडायचा.

आज असा डेक घ्यावासा वाटणारे दोन तऱ्हेचे लोक मला भेटतात. एक, ज्यांना ती फिरणारी चक्रं पाहून भुरळ पडते. त्यात गैर काही नाही, मीही तसाच पडलो. दुसरे, ज्यांच्या माळ्यावर एक डबा आहे. डब्यात आजोबांकडे झालेली बैठक आहे, आजीच्या ओव्या आहेत, कुणाच्या तरी मुंजीतली भाषणं आहेत. आजचं बोलणं मुख्यतः या दुसऱ्या लोकांसाठी आहे, कारण पहिल्यांचं चुकलं तर पैसे जातात. दुसऱ्यांचं चुकलं तर जे जाईल ते परत मिळत नाही.

गेल्या वर्षी एक ताई आल्या. त्यांच्याकडे आजोबांच्या घरच्या बैठकीचं एकच स्पूल होतं. ते ऐकायचं म्हणून त्यांनी चांगली घसघशीत रक्कम मोजून रेव्हॉक्स बी ७७ घेतला, त्यातही जास्त गतीचा प्रकार. यंत्र अव्वल. पण स्पूल लावल्यावर गाणं दुप्पट वेगानं, कार्टूनसारखं, आणि त्यातच कुणीतरी उलट्या भाषेत बोलतंय असा गोंधळ. त्यांना वाटलं, फीत खराब झाली. फीत ठणठणीत होती. यंत्रही ठणठणीत होतं. दोघांचं लग्न जमणारं नव्हतं, एवढंच.

ते का, हे समजून घेऊ. मग अर्धी खरेदी आपोआप सुटते.

फीत पाव इंच रुंद, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ती हेडसमोरून किती वेगानं जाते, ही पहिली गोष्ट. स्टुडिओत सेकंदाला पंधरा इंच ही नेहमीची गती. घरगुती यंत्रांवर साडेसात आणि पावणेचार, आणि काहींवर पावणेचारच्याही निम्मी. वेग जास्त तर आवाज स्वच्छ, पण फीत भराभर संपते. फीत महाग होती, त्यामुळे आपल्याकडची घरगुती स्पूल्स बहुतेक पावणेचारवर भरलेली असतात. हिशोब बघा: सात इंची स्पूलवर १८०० फूट फीत बसते, आणि पावणेचारला ती एका दमात ९६ मिनिटं चालते. ७८ च्या तबकडीत जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस. विलंबित ख्याल मधे न तोडता घरात साठवता आला तो या पावणेचारमुळे. त्याला कमी दर्जाचा म्हणून नाक मुरडू नका.

दुसरी गोष्ट ट्रॅक. त्या पाव इंचावर उभे पट्टे कल्पा. जुन्या मोनो यंत्रांत दोन पट्टे: वरचा एका बाजूला, आणि स्पूल उलटं केलं की खालचा. पुढे चार पट्टे करायची पद्धत आली. पहिला आणि तिसरा जाताना, दुसरा आणि चौथा स्पूल उलटल्यावर. ताईंच्या डेकचं हेड दोन पट्ट्यांचं, रुंद. ते चार पट्ट्यांच्या फितीवर ठेवलं तर पहिल्याबरोबर दुसराही वाचतं, आणि दुसरा उलट दिशेनं भरलेला असतो. म्हणून ती उलटी भाषा. शिवाय त्या प्रकारात साडेसात आणि पंधरा या दोनच गती, पावणेचार नाहीच. म्हणून ते कार्टून.

याच्या उलट, चार पट्ट्यांचा साधा घरगुती डेक दोन पट्ट्यांची मोनो फीतही वाजवू शकतो. डावा चॅनेल ऐकायचा, उजवा बंद करायचा, कारण तिथे दुसरी बाजू उलटी येत असते. थोडी खरखर वाढते, पण गाणं पूर्ण मिळतं. त्यामुळे ज्यांच्या घरी जुना डबा आहे त्यांना माझं सांगणं सोपं आहे: चार ट्रॅक, साडेसात आणि पावणेचार. पंधराच्या मोहात पडू नका, आणि साडेसातला साडेसाती समजू नका. (हशा) अकाईचा ४०००डीएस या कामाला पुरतो. त्याच घराण्यातला जीएक्स-४०००डी मिळाला तर अधिक बरं, कारण त्याचं काच-फेराइटचं हेड झिजता झिजत नाही. मात्र ते ठिसूळ असतं, टवका उडाला की संपलं. टेक्निक्सच्या आरएस-१५०० मध्ये दोन्ही तऱ्हांची वाचणारी हेड्स आहेत आणि तिन्ही गती आहेत. खिसा मोठा असेल तर तो एकटा सगळं करतो.

आता एक खड्डा, ज्यात आपल्याकडचे लोक हमखास पडतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी येताना डेक आणलेला असतो. तो ११७ किंवा १२० व्होल्टचा. आपण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतो आणि निश्चिंत होतो. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची आवर्तनं बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. बऱ्याच जुन्या डेकमधली मुख्य मोटर या आवर्तनांच्या तालावरच फिरते. म्हणजे इकडे ती सहाऐवजी पाच पावलं टाकते. गाणं तीन स्वरांहून किंचित अधिक खाली येतं. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारला गायला लागतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय गंभीर आवाज! कित्येक घरांत वर्षानुवर्षं असं ऐकलं गेलंय. काही डेकमध्ये पुलीवरची बेल्टची जागा किंवा कॅपस्टनवरची बाही बदलून ५० हर्ट्झ जमवता येतं, मागे एखादा स्विचही असतो. रेव्हॉक्सचा १९६७ चा ए ७७ आणि त्याचे वंशज यांना हा त्रास नाही, त्यांच्या कॅपस्टन मोटरची गती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं राखलेली असते.

गती बरोबर आहे का हे घरी मोजता येतं. रद्दी फितीवर ११.४३ मीटर अंतरावर दोन खुणा करा. साडेसातला हे अंतर बरोबर ६० सेकंदांत जायला हवं, पावणेचारला १२० सेकंदांत.

दुकानात जाताना, मग तो चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, स्वतःची एक रद्दी फीत बरोबर न्या. घरचं मौल्यवान स्पूल कधीच नाही. विक्रेता ‘चालू आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ दिवा लागतो इतकाच धरायचा. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका. आपल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडलेला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि यंत्र वाचतं. जुन्या युरोपियन यंत्रांत मेन्सवर पारदर्शक पिवळट कवचाचे कंडेन्सर असतात. कवचाला बारीक तडे गेले असतील तर ते आधी बदलायचे. नाहीतर एखाद्या संध्याकाळी खोलीत असा धूर होतो की शेजारी धावत येतात.

मग हेड बघा. फितीच्या घर्षणानं सपाट पट्टा पडलेला दिसेल. त्याच्या कडेवरून नख हळूच फिरवा. नख अडकलं तर झीज बरीच झालीय. पिंच रोलर, म्हणजे फितीला कॅपस्टनवर दाबणारं रबरी चाक, चकचकीत आणि टणक झालं असेल तर फीत घसरणार. आणि ब्रेक! लोक हे तपासतच नाहीत. फास्ट फॉरवर्ड पूर्ण वेगात असताना स्टॉप दाबा. फितीचा लोंबता वेटोळा पडला किंवा ती करकचून ताणली गेली, तर असा डेक दुरुस्त होईपर्यंत घरच्या स्पूलला हातही लावू द्यायचा नाही. ताणलेली फीत पूर्ववत होत नाही.

आवाज हेलकावतो का, याची आपल्याकडे उत्तम कसोटी आहे: तानपुरा. मोबाइलवरचा तानपुरा पाच मिनिटं भरा आणि वाजवून ऐका. पियानोपेक्षाही निर्दय परीक्षा आहे ही. षड्ज जरा जरी पोहत असेल तरी कान लगेच पकडतो. एक लक्षात ठेवा, गती कायमच चुकीची असेल तर ती यात कळणार नाही, कारण भरताना आणि वाजवताना चूक तीच. त्यासाठी खुणांचीच फीत.

आता फितीकडे येतो, आणि इथे माझीच चूक सांगतो. एका स्नेह्यांनी स्पूल दिलं होतं. फितीची मागची बाजू काळी, मॅट. मी लावलं. दोन मिनिटांनी फीत किंचाळायला लागली. मला वाटलं, रोलर कोरडा पडलाय, आणि मी आणखी अर्धं मिनिट चालू ठेवलं. थांबवून बघतो तर हेडवर तपकिरी चिखल. तो चिखल म्हणजेच गाणं. चुंबकीय कण ज्या सरसानं फितीला धरून ठेवलेले असतात, तो सरस हवेतलं पाणी पिऊन सुटला होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काळ्या पाठीच्या फितींत हा रोग जास्त, ॲम्पेक्स ४०६ आणि ४५६ त्यासाठी बदनाम आहेत. आपला पावसाळा त्याला पोषकच. अशी फीत साधारण ५४ अंश सेल्सियसला काही तास नियंत्रित उष्णतेत ठेवतात. मग ती काही आठवडे वाजण्यासारखी होते, आणि तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका, त्याचं तापमान वरखाली होत राहतं. साठच्या दशकातल्या घरगुती फितींना बहुधा हा रोग नसतो. पण त्यातल्या काही ॲसिटेटच्या असतात, आणि ॲसिटेटला उष्णता अजिबात द्यायची नाही. ओळखायचं कसं? स्पूल आडवं उजेडासमोर धरा. फितीच्या थरांतून उजेड झिरपला तर ॲसिटेट. व्हिनेगरचा वास येत असेल तर ती सडायला लागलीय, नक्कल करायची घाई करा. पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका. ते जाणकाराचं काम आहे, आणि ती धूळ तुमच्या फुप्फुसालाही चांगली नाही.

देखभाल मात्र सोपी आहे, आळस तेवढा नको. दर दोन-चार स्पूलनंतर हेड आणि लोखंडी गाइड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाच्या बड्सनी पुसायचे. रबरी चाकाला अल्कोहोल नको, रबर सुकतं. सौम्य साबणाचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं. हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढायला डीमॅग्नेटाइझर मिळतो. डेक बंद, सगळी स्पूल्स दुसऱ्या खोलीत, उपकरण हेडजवळ नेऊन सावकाश हातभर दूर आणायचं आणि मगच बंद करायचं. जवळ असताना बंद केलंत तर उलट हेड चुंबक होऊन बसतं. बेल्ट वर्षानुवर्षं पडून राहिला की काकवीसारखा चिकट होतो, आणि जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट. स्विच, गती बदलायचा खटका अडकतो तो बहुधा यामुळे. जोर लावू नका, तुटेल. आधी साफ करा.

स्पूल ठेवताना उभं ठेवा, आणि वाजवून झाल्यावर मागे गुंडाळू नका, शेवट बाहेर राहू दे. फितीचे थर एकमेकांवर आवाजाचा पुसट ठसा उमटवतात. शेवट बाहेर ठेवला की तो ठसा मूळ आवाजाच्या मागून येतो आणि त्यातच लपतो. नाहीतर पहिली आस घेण्याआधीच गायकाचं भूत ऐकू येतं.

श्रोत्यांपैकी मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: ‘आवाज फार दबलेला येतो, म्हणजे फीत गेली का?’ नाही, घाई करू नका. ज्या यंत्रावर ती भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर तुमच्या सरळ हेडवर वरचे स्वर हरवतात. याला अझिमथ म्हणतात. हेडच्या बाजूला एक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्यानं खुणावून ठेवा, मग केसभर फिरवत ऐका. त्या ताईंचं स्पूल शेवटी माझ्या चार ट्रॅकच्या डेकवर लावलं, तेव्हा सुरुवातीला असंच होतं, गोधडीतून गायल्यासारखं. स्क्रू पाव वळसाही फिरला नसेल आणि तानपुऱ्याच्या तारा वेगळ्या झाल्या. मागून कपबशांचा आवाजसुद्धा येत होता. ताई म्हणाल्या, त्या कपबशा अजून घरात आहेत.

दुसरा प्रश्न: ‘एवढं करून डिजिटलपेक्षा चांगलं ऐकू येतं का?’ पावणेचारवर भरलेल्या घरगुती फितीचं म्हणाल तर नाही. जे फितीवर आहे तेवढंच येईल. म्हणून घरचं एकमेव स्पूल आधी एकदा नीट संगणकावर उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि मग रोज ऐकायचं ते त्या नकलेवरून. डेक हौसेचा ठेवा. नवीन फिती आजही बनतात, फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत, आणि मूळ मास्टरवरून उतरवलेली स्पूल्सही विकत मिळतात. ती बहुधा पंधरा इंची, दोन ट्रॅकची असतात, किंमत शेकडो डॉलर. त्यासाठी मात्र ताईंनी घेतलेलाच डेक लागतो. तो त्यांनी विकला नाही, ते बरं केलं.

दुरुस्तीला कुठे न्यायचं, असं कुणीतरी विचारतंय. गावातला सर्वांत जुना रेडिओ मेकॅनिक शोधा, आणि जाताना त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल छापून न्या. यंत्र त्यानं पाहिलेलं नसलं तरी नकाशा तो वाचू शकतो. बेल्टसाठी जुना तुकडा, चिकट झालेला असला तरी, डबीत घालून लॅमिंग्टन रोडला न्या. माप त्यावरूनच निघतं.

आता पुढचे दिवे जरा कमी करा. मी स्पूल लावतो.