घोटागणिक

सकाळी ७
नगर-पुणे रस्त्यावर सुप्याला एसटीतून उतरते तेव्हा एमआयडीसीतली पहिली पाळी आत गेलेली असते. मी घरोघरी जाऊन गिळण्याचे व्यायाम करून घेते; आजचं पहिलं घर अण्णांचं. तेही त्याच पाळीला जायचे. जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, ३५ लाइट (रेडिएशन) घेतले. सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. गाठ गेली, पण गिळणं परत आलं नाही.

७.३०
आधी चूळ; कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा. लाइटने लाळग्रंथी सुकतात, कोरड्या तोंडात घास फिरत नाही. मग व्यायाम. जिभेचं टोक दातांत धरून आवंढा गिळायचा. कंठ वर गेला की क्षणभर तिथेच धरायचा. जबडा उघडायला आइस्क्रीमच्या काड्यांची चळत. आज एक काडी जास्त मावली. लाइट संपल्यावरही स्नायू वर्षानुवर्षं आखडत राहू शकतात. म्हणून माझं ठाम मत आहे, हे व्यायाम पहिल्या लाइटच्या आधीच शिकवले पाहिजेत, आणि नाकात अन्नाची नळी असली तरी झेपेल तेवढं तोंडाने गिळत राहिलं पाहिजे. माझ्याकडे पेशंट येतात ते बहुतेक सगळं उरकल्यावर. फार वाईट वाटतं.

९.००
काकूंनी दुधात बाजरीची भाकरी कुस्करलीय. इतक्या मायेने केलेला काला नको म्हणताना जीव तुटतो. पण दूध पुढे पळतं, भाकरीचे कण मागे राहतात. एका घासात दोन्ही सांभाळणं या घशाला जमत नाही. तोच काला मिक्सरमधून एकजीव करून गाळला. १० मिलीच्या सिरिंजमध्ये भरून खालच्या तोंडावर धरलेलं बोट काढलं. दहा सेकंदांनी ४ ते ८ मिली उरलं, म्हणजे अण्णांना हवा तेवढा दाटपणा आला.

हनुवटी छातीकडे, एक चमचा, गिळा, पुन्हा कोरडा आवंढा, आता "आ" म्हणा. आवाज ओला, घरघरता आला की थांबायचं. तिसऱ्या चमच्याला ठसका लागला. शेजारच्या मावशी तांब्या घेऊन धावल्या, "पाणी पाजा आधी!" मी तांब्या अडवला. पाणीच सगळ्यांत चपळ. श्वासनलिका झाकायच्या आत तिच्यात उतरतं. आधी पूर्ण खोकू द्यायचं.

दुपारी १२
दुसरं घर. इथे आजोबांना ठसका लागतच नाही, म्हणून सगळे निर्धास्त. पण संध्याकाळी अंग गरम होतं, कफ वाढलाय. घशाची जाणीव गेली की अन्न फुप्फुसात गेलेलं खोकल्यालाही कळत नाही. डॉक्टरांशी बोलले, आजच नगरला पाठवलं. न्यूमोनिया आहे का ते आधी बघतील, बेरियम पाजून एक्स-रेखाली गिळणं त्यानंतर.

४.००
स्टँडवर पोरं मावा चोळतायत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडात तंबाखू जायची थांबलेली नाही.

रात्री ८.३०
काकूंचा फोन. "ताई, जेवले, पण आता आडवं व्हायचं म्हणतायत."
"अर्धा तास बसवूनच ठेवा, काकू. ताप?"
"नाही. वाटीभर गेलं आज."
"मग उद्या दीड वाटी करा. घाई नको, एका वेळी एकच चमचा."