न दिसणारी धूळ



गणपती जवळ आले की पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चालतं. मूर्ती घासली की पांढरी धूळ उडते. ती दिसते. तिचा बराच भाग नाकात अडकतो आणि शिंकरला की बाहेर पडतो.

पण काही धूळ दिसतच नाही. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत वेल्डिंग होतं, मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक धूर सोडतात. त्या धुरात धातूचे, काजळीचे अतिबारीक कण असतात. त्यांना नॅनोकण म्हणतात. किती बारीक? डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे ८०० कण ओळीने बसतील!

हे कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. विटांची भिंत असते ना, तसं. पण वीट निर्जीव, पेशी जिवंत. फुप्फुसात काही राखणदार पेशी असतात. आलेली धूळ त्या गिळून टाकतात.

नॅनोकण गिळला, तरी पचत नाही. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिला पाणी सगळीकडून लागतं. तसाच बारीक कण पेशीला जास्त ठिकाणी लागतो, म्हणून जास्त छळतो. पेशीला शक्ती देणारे भाग बिघडतात, वरचं आवरण फाटतं आणि पेशी मरते. मग तोच कण दुसरी पेशी गिळते. तीही मरते. असं वर्षानुवर्षं चाललं की फुप्फुसाला सूज येते, दम लागतो.

चांदीचे नॅनोकण जखमेच्या पट्टीत घालतात, कारण ते जंतू मारतात. तेच प्रमाणाबाहेर झाले, तर आपल्या पेशींनाही मारतात. म्हणजे गुण तोच, पण प्रमाण चुकलं की घात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर आणि २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगाला कारण ठरवला.

मग काम सोडायचं का? पोट कसं भरणार? काम करा, पण जपून करा. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. त्याच्या विणीतून कण सहज जातात. एन-९५ मुखपट्टी नाकाला घट्ट बसवा. मूर्ती ओली करून घासा. वेल्डिंग उघड्यावर करा, वारा धूर तोंडावर आणणार नाही असे उभे राहा. बंद जागेत धूर ओढून घेणारा पंखा मालकाकडे मागा. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

दिसत नाही, म्हणून नाही असं समजू नका.