मान हलवली म्हणजे समजले असे नव्हे

‘‘त्याले सगडं समजते जी मॅडम. मान हालवते ना!’’ कर्णबधिर मुलांच्या घरी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते ऐकले की मला काळजीच वाटते. कारण एकदा मीही त्या मानेवर विश्वास ठेवून फसले आहे.

मी शाळांमध्ये सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करते. शिक्षक जे बोलतात ते हातांच्या खुणांनी, चेहऱ्याच्या हावभावांनी कर्णबधिर विद्यार्थ्याला सांगायचे आणि त्याचे म्हणणे शिक्षकांना बोलून सांगायचे, हे माझे काम. काही वर्षांपूर्वी लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेत सहावीतल्या मुलासाठी मला बोलावले. मुलगा अकरा वर्षांचा, हसरा, गालावर खळी पडणारा. विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन चालू होते. धानाच्या बांधीतले पाणी उन्हाने कुठे जाते, हे मी हातांनी दाखवत होते. तो टक लावून पाहत होता, मान हलवत होता. गुरुजी खूश, मीही खूश.

असे तीन आठवडे गेले. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला खुणांनी सहज विचारले, ‘‘तुझे नाव काय?’’ त्याने माझीच खूण आरशासारखी मला करून दाखवली आणि हसून मान हलवली. ‘‘जेवलास का?’’ विचारले, तरी तेच. माझ्या पोटात धस्स झाले. तीन आठवडे माझे हात हलत होते आणि त्याच्यापर्यंत काहीही पोहोचत नव्हते.

भाषाच नव्हती

वाचकहो, दुभाषी एका भाषेतले दुसऱ्या भाषेत सांगतो. समोरच्या मुलाकडे दुसरी भाषाच नसेल तर तो सांगणार कोणाला? या मुलाकडे घरच्या वीस-पंचवीस खुणा होत्या. जेवण, पाणी, शेत, बैल, मार. काल आणि उद्या त्याला सांगता येत नव्हते. ‘का’ हा प्रश्न त्याला माहीत नव्हता. बुद्धी चांगली होती. सायकलची चेन तो मोठ्यांपेक्षा लवकर बसवी.

त्याच्या आईने सांगितले ते असे. जन्मल्यावर त्याला जोराची कावीळ झाली होती. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. ‘मामाही उशिरा बोलला होता’ म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. कानात तेल घातले, नवस केले. तपासणी झाली तेव्हा मूल पाच वर्षांचे होते. श्रवणयंत्र मिळाले, पण त्याचा कानातला साचा वाढत्या कानाला बसेना, म्हणून ते पेटीत गेले. वर कोणीतरी सल्ला दिला, ‘‘खुणा करू नका, नाहीतर पोरगा कधीच बोलणार नाही.’’ माऊलीने मुलाच्या भल्यासाठी खुणाही बंद केल्या.

जुना गैरसमज

हा गैरसमज आपल्याच खेड्यातला नाही. १८८० साली इटलीतील मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने शाळांतून खुणांना फाटा देऊन फक्त बोलण्यानेच शिकवावे असा ठराव केला. पुढे अनेक देशांत मुलांचे हात अक्षरशः दाबून ठेवले गेले. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्याच परिषदेने हा ठराव नाकारला आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. मधे १३० वर्षे गेली.

खुणा केल्याने मूल बोलायचे थांबत नाही. उलट ज्याच्याजवळ एक भाषा पक्की असते त्याला वाचन, लेखन आणि दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ‘तुझे घर कुठे आहे’ हे ‘तुझे घर कुठे’ असे होते. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो आणि प्रश्न भुवयांतूनही विचारला जातो. यंत्र लावा, वाचा-उपचार करा, पण खुणांची भाषा काढून घेऊ नका.

पुढे काय झाले?

मी मुख्याध्यापकांना खरे ते सांगितले. काही महिने वर्गातले भाषांतर बाजूला ठेवले. रोज दोन तास फक्त भाषा शिकवली. आधी वस्तू, मग माणसे, मग काल, आज, उद्या. वर्गातली मुले मोठ्यांपेक्षा भराभर खुणा शिकली. गालावर बोट टेकवले की त्याचे नाव, असे त्यांनीच ठरवले. आई शनिवारी येऊ लागली. रोवणीच्या दिवसांत मात्र तिला जमेना, तेव्हा धाकटी बहीण येई आणि घरी जाऊन आईला शिकवी.

वर्षभराने मी एक दिवस आजारी पडले. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, ‘‘काल तू नाही, का?’’ त्याने मला विचारलेला तो पहिला ‘का’.

त्याच पावसाळ्यात तो पोट धरून बसला. पूर्वी दुखले की तो नुसता रडे आणि आई अंदाज करी. या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याने स्वतः सांगितले: काल रात्रीपासून, बेंबीच्या खाली, लघवीला जळजळ. मी फक्त ते डॉक्टरांना बोलून सांगितले. लघवी तपासली, औषध मिळाले. आई बाहेर येऊन रडली.

तो आजही अभ्यासात वर्गाच्या मागे आहे. हातची गेलेली वर्षे पुरती भरून येत नाहीत. म्हणूनच हा लेख.

पालकांनी लक्षात ठेवावे

तीन महिन्यांचे बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, सहा महिन्यांचे आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल, तर वाट पाहू नये. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. नवजात बाळाची प्राथमिक श्रवण तपासणी काही मिनिटांची असते, बाळाला काही दुखत नाही. जन्मतः कमी वजन, जोराची कावीळ, उशिरा रडणे, मेंदूज्वर, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, घरात कोणी कर्णबधिर असणे, यांपैकी काही असेल तर तपासणी टाळूच नये. मुलांना गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस द्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात, त्यांना विचारावे. कानात तेल घालू नये.

निदान झाले की त्याच दिवसापासून घरातल्या सर्वांनी खुणा शिकाव्यात. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ मध्ये दहा हजार शब्द झाले. त्याच्या चित्रफिती मोबाइलवर फुकट पाहता येतात.

शिक्षकांसाठी दोन शब्द

अशा मुलाला पुढे बसवा, पण खिडकीसमोर उभे राहून शिकवू नका. तोंडावर उजेड हवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. मूल एका वेळी वही पाहील किंवा दुभाषीचे हात, म्हणून लिहून देताना थोडे थांबा. प्रश्न मुलाकडे पाहून विचारा, दुभाषीकडे नव्हे. दुभाषीने उत्तर सुचवू नये. चुकायचा हक्क या मुलालाही आहे.

आणि ‘समजले का?’ असे विचारू नका, मान हलेलच. ‘काय समजले ते सांग’ असे विचारा. वर्गातल्या इतर मुलांनाही हाच प्रश्न विचारून पाहा.