शेवटच्या नऊ फेऱ्या

मिरजोळे एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. काम मुख्यतः पुढच्या एक्सलचं: किंगपिन, टायरॉड एंड, बॉल जॉइंट. आंबा घाट उतरून आलेला ट्रक दारात लागतो आणि ड्रायव्हर म्हणतो, ‘शेठ, स्टिअरिंगला प्ले वाटतोय.’ चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवलं की झिजलेला सांधा टकटक वाजतो. तो आवाज ऐकला की मला अमेरिकेचा बिल वुकोविच आठवतो.

वुकोविच कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोकडचा, सर्बियन घरातला. मिजेट नावाच्या छोट्या, उघड्या गाड्या पळवत तयार झाला आणि १९५० साली त्यांचा राष्ट्रीय विजेता ठरला. इंडियानापोलिसची मोठी शर्यत म्हणजे अडीच मैलांच्या २०० फेऱ्या, एकूण सुमारे ८०० किलोमीटर. १९५१ साली तिथे पहिल्यांदा उतरला, पण २९ फेऱ्यांतच तेलगळतीने गाडी बाद झाली.

पुढच्या वर्षी १५० फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढे होता. १९१ फेऱ्या झाल्या, नऊ उरल्या, आणि स्टिअरिंगची पिन तुटली. असं झालं की स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं, पुढची चाकं ऐकत नाहीत. घाबरून करकचून ब्रेक मारला तर गाडी आडवी होते आणि मागून येणारे तिच्यावर आदळतात. वुकोविचने बाहेरच्या भिंतीला घासत घासत गाडी थांबवली. दुसरं कुणी त्यात सापडलं नाही. शर्यत २२ वर्षांच्या ट्रॉय रुटमनने जिंकली. माझ्या मते वुकोविचचं सगळ्यात मोठं ड्रायव्हिंग ते, नंतर जिंकलेल्या दोन्ही शर्यतींपेक्षा मोठं.

त्या गाडीचं इंजिन डावीकडे सरकवून बसवलेलं होतं. शाफ्ट ड्रायव्हरच्या शेजारून जात असल्यामुळे सीट खाली घेता आली होती. १९५३ साली त्याच गाडीत बसून २००पैकी १९५ फेऱ्या त्याने पुढे राहून काढल्या. त्या दिवशी ऊन इतकं होतं की कार्ल स्कारबरो हा ड्रायव्हर उष्माघाताने गेला. कित्येकांनी मध्येच बदली माणूस बसवला. वुकोविच सीटवरून उठला नाही. १९५४ साली तो एकोणिसाव्या जागेवरून सुटला आणि पुन्हा जिंकला. त्या काळी ही शर्यत फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत धरली जायची, त्यामुळे तिथल्या विजेत्यांच्या यादीतही त्याचं नाव आहे.

३० मे १९५५. ५६ फेऱ्या झाल्या होत्या, त्यातल्या ५० त्याने आघाडीवर काढल्या होत्या. पुढे रॉजर वॉर्डच्या गाडीचा एक्सल तुटला आणि ती उलटली. तिला चुकवताना अल केलरची गाडी जॉनी बॉइडच्या गाडीवर गेली, आणि बॉइडची नेमकी वुकोविचच्या वाटेत आली. त्याची गाडी भिंतीवरून पलीकडे पडली आणि पेटली. वय ३६. त्याच्या स्वतःच्या गाडीत काहीच बिघाड नव्हता, हे मला अजून सोसत नाही.

इंडियानापोलिसला तो पाचच शर्यती धावला. फेऱ्या ६७६, त्यातल्या ४८५ सगळ्यांच्या पुढे. ती शर्यत सलग तीनदा आजवर कुणालाही जिंकता आलेली नाही.