आवडत्या गायकाचा चेहरा रेखाटताना

औषध घेतले का, जेवण नीट झाले का, रात्री झोप लागली का, हे प्रश्न घरातील ज्येष्ठ व्यक्तीला आपण रोज विचारतो. ते विचारायलाच हवेत. परंतु तिच्या मनात घर करून बसलेला गायक कोण, आणि नेमका तोच का, हा प्रश्न कित्येक घरांत वर्षानुवर्षे विचारला गेलेला नसतो. या लेखात मी आपल्याला एक साधा उद्योग सुचवणार आहे. त्या गायकाचे चित्र काढायचे, स्वतःच्या हाताने. चित्रकला येण्याची अट नाही. ज्यांच्यामुळे या उद्योगाचे मोल मला कळले, त्या गृहस्थांनी शाळा सुटल्यानंतर चित्रासाठी पेन्सिल हातात धरलेली नव्हती.

त्यांची हकीकत आधी सांगतो. ती पती-पत्नी दोघांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तीन शब्दांचा माणूस

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. रक्तदाबाचा जुना विकार. एका पहाटे त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचा गेली. रुग्णालयातून घरी आले तेव्हा काठीच्या आधाराने चार पावले टाकता येत होती. उजव्या हाताची मूठ मात्र उघडत नव्हती आणि तोंडून तीनच शब्द निघत होते : ‘हो’, ‘नाही’ आणि ‘अगं’.

बहुतेक माणसांमध्ये भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असतात. तेथील रक्तपुरवठा तुटला की उजवे अंग आणि वाचा अशी दोन्ही एकाच वेळी दुखावली जाऊ शकतात. या वाचादोषाला ‘वाचाघात’ म्हणतात. त्याच्या एका प्रकारात समोरच्याचे बोलणे बरेचसे समजते, मनात विचारही स्पष्ट असतो, पण शब्द ओठांवर येत नाही. अशा माणसाशी लोक मोठ्याने किंवा लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. तो चिडतो. काकाही चिडत. एकदा त्यांनी पाण्याचे भांडे भिरकावले. काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “डॉक्टर, आजारपण मी काढीन हो. पण हा माणूस आत कुठे आहे, तेच मला सापडत नाही.”

काका कुमार गंधर्वांचे भक्त. काकूंनी रोज सकाळी कुमारजींची निर्गुणी भजने लावण्यास सुरुवात केली. एका सकाळी काका त्या आवाजाबरोबर अख्खी ओळ गायले. काकूंना आनंदाने रडू आले. पण गाणे थांबल्यावर ते पुन्हा त्या तीन शब्दांवर आले.

पुढे सुट्टीत आलेली नात आपली चित्रकलेची वही विसरून गेली. काकांनी ती डाव्या हाताने जवळ ओढली. एका जुन्या ध्वनिफितीच्या वेष्टनावर कुमारजींचे छायाचित्र होते. ते समोर ठेवून त्यांनी रेघा ओढायला आरंभ केला. रोज थोडे थोडे असे ते काम अकरा दिवस चालले.

चेहरा कुमारजींसारखा दिसत नव्हता, खरे तर कोणासारखाच दिसत नव्हता. मागे दोन तंबोरे होते, त्यातला एक वाकडा. पण छातीची एक बाजू त्यांनी पेन्सिलीने इतकी काळी केली होती की कागद फाटायला आला होता. काकूंना वाटले, हात घसरला असेल. त्यांनी खोडरबर पुढे केले. काका म्हणाले, “नाही.” मग त्यांनी चित्रातल्या त्या काळ्या भागावर बोट ठेवले आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवले.

त्या काळ्या भागाचा अर्थ

कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी. जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. बालपणीच त्यांचे नाव सर्वत्र झाले. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४७ साली भानुमतींशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. वय अवघे तेवीस. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत हे दांपत्य माळव्यातील देवासला गेले. गाणे बंद करण्याची वैद्यांची सक्त ताकीद होती. सुमारे पाच वर्षे हा गायक गायला नाही. भानुमतींनी त्यांची शुश्रूषा केली आणि स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हाच्या नव्या औषधाने ते बरे झाले. एक फुप्फुस मात्र कायमचे निकामी झाले.

अंथरुणावरच्या त्या वर्षांत माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली. ती त्यांनी टिपली, त्यांवर चिंतन केले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते गाणे पूर्वीचे नव्हते. त्यांच्या छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचा संबंध लोक फुप्फुसाशी जोडतात. एवढ्या मोठ्या विचाराचे श्रेय केवळ व्याधीला देणे मला पटत नाही, पण व्याधीने हिरावलेले गाणे त्यांनी नव्याने उभे केले हे निर्विवाद आहे.

काकांचे गुपित मला ठाऊक होते. दहा वर्षांपूर्वी खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या टोकाला जुना व्रण दिसला होता. बाविसाव्या वर्षी आपल्याला क्षय झाला होता, काही महिने आरोग्यधामात काढले, दीड वर्ष इंजेक्शने आणि गोळ्या घेतल्या, असे त्यांनी तेव्हा सांगितले. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने त्यांना कुमारजींची कथा ऐकवली होती. लग्न जमवताना घरच्यांनी हा आजार दडवला. “हिला मात्र सांगू नका,” असे ते मला म्हणाले होते. रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्यकाचा धर्म आहे. मी ते राखले.

काकू चित्र घेऊन आल्या, तेव्हा काकाही सोबत होते. मी काकूंना थोडा वेळ बाहेर बसवले आणि काकांना विचारले, “काकूंना सांगू का?” ते म्हणाले, “हो.”

काकूंनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पन्नास वर्षं हे खोकला आला की दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचे. मला वाटायचं, माझी झोपमोड नको म्हणून.” आणि त्यांच्याकडे वळून, “अहो, मला सांगितलं असतंत, तर मी काय माहेरी निघून गेले असते?”

काका म्हणाले, “अगं, नाही.”

सारे तिथेच गोड झाले असे समजू नका. पुढचे दोन दिवस काकूंनी गाणे लावले नाही. तिसऱ्या दिवशी लावले. बरा झालेला जुना क्षय संसर्गजन्य नसतो, हे मी त्यांना नीट समजावून सांगितले. आपल्याही कुटुंबात अशी जुनी नोंद असेल तर ती लपवू नका. खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे दिसल्यास ती माहिती डॉक्टरांना उपयोगी पडते.

गाणे आणि रेघ : शरीरात काय घडते?

वाचाघाताचा रुग्ण बोलू शकत नसतानाही गाऊ शकतो, यात चमत्कार नाही. पाठ असलेले गीत, चाल आणि लय यांसाठी मेंदूचे अनेक भाग, उजव्या बाजूचेही, कामाला लागतात. सुरांच्या आधाराने शब्द काढण्याची उपचारपद्धती वाचा-उपचारतज्ज्ञ वापरतात. ती त्यांच्याकडूनच शिकावी. नुसते गाणे लावल्याने वाचा परत येत नाही.

तारुण्यात ऐकलेली गाणी म्हातारपणी अधिक स्पष्ट आठवतात, कारण साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी मनात घट्ट रुजतात. स्मृतिभ्रंशातही ओळखीच्या गाण्यांची आठवण पुष्कळदा बराच काळ टिकून राहते.

चित्राचे काम निराळे आहे. चेहरा काढताना नजर, हात आणि अवधान एकत्र बांधले जातात. आणि ज्याला शब्द नाहीत, त्याला कागदावर बोट ठेवायला जागा मिळते. वाचाघातात चित्र हे संवादाचे मान्य साधन आहे. पक्षाघातानंतर सुमारे तीन रुग्णांपैकी एकाला नैराश्य येते. त्यावर उपचार असतात, ते जरूर घ्यावेत. पण ‘आज मी काहीतरी केले’ ही भावना कोणत्याही गोळीत नसते.

घरी हे कसे करावे?

गायक त्यांनीच निवडावा. तुम्हाला थोर वाटणारा नव्हे, त्यांना जवळचा वाटणारा. नाटकातला एखादा नट चालेल, चित्रपटातली गायिका चालेल, गावच्या भजनी मंडळातले बुवाही चालतील. छायाचित्र मोठ्या आकारात छापून घ्या, म्हणजे मोतीबिंदू किंवा चष्म्याची अडचण आड येणार नाही. उजेड मोकळा असावा आणि लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा.

कागदाची चारही टोके चिकटपट्टीने टेबलावर बसवा. एका हाताने चित्र काढणाऱ्याला दुसऱ्या हाताने कागद धरता येत नाही. पेन्सिल मऊ शिशाची घ्यावी, चार बी किंवा सहा बी. पकड अशक्त असल्यास तिच्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करा. दुखावलेला हात टेबलावर आधार देऊन ठेवावा, लोंबकळू देऊ नये. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर. वीस मिनिटे पुरेत.

चेहऱ्याचे दोन नियम लक्षात ठेवले की धीर येतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, आपण मात्र ते नेहमी फार वर काढतो. आणि दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढे अंतर असते. तरीही जमत नसेल, तर छायाचित्र उलटे ठेवून काढून पाहा. मग ‘नाक’ काढायचे दडपण राहत नाही, केवळ रेषा आणि सावल्या उरतात.

गाणे आधी ऐकावे किंवा काढता काढता मंद आवाजात लावावे. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले असू द्या. मधल्या काळात घरातला दूरदर्शन संच बंद ठेवा.

आता सर्वांत अवघड भाग, आणि तो शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आहे. चित्र सुधारू नका. ‘हे कोण आहे सांगा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका. एखाद्या जागेवर बोट ठेवून, “इथं काय आहे?” एवढेच विचारा आणि थांबा. वाचाघाताच्या रुग्णाला उत्तरासाठी वेळ लागतो. मनातल्या मनात सावकाश दहा आकडे मोजा. ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. पानाच्या कोपऱ्यात तारीख घाला.

शक्य असल्यास शेजारी बसून तुम्हीही तुमच्या गायकाचे चित्र काढा. रात्रंदिवस दुसऱ्याचे करणाऱ्या माणसाला दिवसातली वीस मिनिटे स्वतःसाठी मिळणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

चित्रावरून निदान होत नाही, पण काही गोष्टी सांगण्याजोग्या असतात. चित्राची एक बाजू, बहुधा डावी, वारंवार कोरी राहत असेल आणि ताटातलेही त्या बाजूचे अन्न शिल्लक राहत असेल, तर मेंदू त्या बाजूची दखल घेत नसण्याची शक्यता असते. अक्षर आणि रेघा महिन्यांगणिक बारीक होत जाणे, हात कापणे, हालचाल मंदावणे ही कंपवाताची चिन्हे असू शकतात. अशी चित्रे तारखेसह पुढच्या तपासणीला घेऊन या.

चेहरा अचानक वाकडा होणे, हातातली शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही घडल्यास मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, तेही टिपून ठेवा.

गाणे नेहमी सुखच देते असे नाही. एखादे गीत गेलेल्या माणसाची आठवण घेऊन येते. डोळे पाणावले तर लगेच बंद करू नका, हात हाती घेऊन बसा. अस्वस्थता वाढू लागली तर थांबा. आणि चित्राच्या नादात रक्तदाबाची गोळी, व्यायाम, वाचा-उपचार यांतले काहीही चुकू देऊ नका.

काकांचे शब्द आता तीनांवरून पंधरा-वीसांवर गेले आहेत. त्याचे श्रेय वाचा-उपचारांना आणि काकूंच्या चिकाटीला आहे, चित्राला नाही. चित्राने दुसरे काम केले. ते त्यांच्या घरात औषधांच्या डब्याच्या वर, भिंतीवर लावलेले आहे. मागच्या खेपेस गेलो, तेव्हा शेजारी आणखी एक कागद होता. तो काकूंच्या हातचा, माणिक वर्मांचा. “ह्यांनी मला विचारलं,” काकू म्हणाल्या, “‘अगं, का?’ म्हणून. मग सांगत बसले संध्याकाळभर.”

आज संध्याकाळी आपल्या घरातही विचारून पाहा.